तुम्ही विचारलंत म्हणून: वीज कोळशाचीच, मग गाडी विजेची कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी स्वतःहून कुणाला गाडीचं पुराण ऐकवत नाही (नवरा म्हणेल खोटं बोलतेय).

प्रश्न नेहमी एकच असतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, परवा तर लग्नात हात धुवायच्या रांगेत. "ताई, स्कूटर बॅटरीची घेतली ते ठीक, पण वीज तर कोळशाचीच येऊन राहिली ना? मग प्रदूषण कमी कुठं झालं?" आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, बघा कशी पकडली.

आता मी राहते नागपुरात, कोराडी रोडला. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला गेलं की त्या डोक्यावरच असतात. तेव्हा कोळसा कुठे जळतो हे मला कुणी सांगायला नको बाप्पा. उलट गाडी घेताना हाच प्रश्न मलाच पडला होता, म्हणून मी एक प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं आणि महिनाभर वहीत आकडे लिहिले. सासूबाईंना वाटलं दुधाचा हिशोब चाललाय.

तर माझी गाडी एका पूर्ण चार्जला भिंतीतून साधारण 3.3 युनिट खाते आणि त्यावर शहरात 90 किलोमीटर जाते. तारांमधून येतानाही वीज गळते, ती पण धरली तर किलोमीटरमागे 44 वॅट-अवर होतात (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). आपल्या देशाच्या ग्रीडवर, म्हणजे सगळ्या केंद्रांची वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यावर, एक युनिट वीज बनवताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा काढतं. म्हणजे माझ्या गाडीचे झाले किलोमीटरला 31 ग्रॅम. जुनी पेट्रोलची स्कूटर लिटरला 42 द्यायची, एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 55 ग्रॅम. यात कच्चं तेल जहाजातून आणणं, रिफायनरी, टँकर हे काहीच धरलेलं नाही. आणि समजा, वादापुरतं, माझ्याकडची सगळीच्या सगळी वीज कोराडीच्या कोळशाची आहे, युनिटला 1 किलो धरा, तरी 44 ग्रॅम. तरी कमीच!

हे कसं, तर पेट्रोलचं इंजिन फार तर पाव हिस्सा ऊर्जा चाकाला देतं, शहराच्या ट्रॅफिकमध्ये त्याहूनही कमी, आणि बाकीची नुसती उष्णता. सिग्नलला उभं असताना पोटरीला जी धग लागते ना, ती तुमच्याच पेट्रोलच्या पैशाची. औष्णिक केंद्रातही कोळशातली बरीचशी ऊर्जा वायाच जाते, तिथून तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त वीज निघते, पण एकदा वीज झाली की पुढे मोटर तिच्यातली 85-90 टक्के वापरते, ब्रेक दाबला की थोडी परतही घेते. सगळं जोडून विजेची गाडी पुढे निघते, फार नाही, पण निघते.

आणि खरं सांगू का, हा प्रश्न लोकलला कुणी कधी विचारला नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली, नंतर ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं पॉवर हाऊस होतं, तेही कोळशाचंच. तेव्हा कुणी म्हणालं नाही की वीज कोळशाची आहे ना, मग परत वाफेचं इंजिन लावा.

पण माझा खरा मुद्दा हा 31 आणि 55 चा नाहीच. मुद्दा असा की माझी जुनी स्कूटर दहा वर्षं जुनी झाली तेव्हा पहिल्या दिवसापेक्षा जास्तच धूर सोडत होती, नवी होती तेव्हाच्या 55 ग्रॅमच्या खाली ती उतरणं शक्यच नव्हतं. ही मात्र मी काही न करता स्वच्छ होऊ शकते, कारण तिचं इंजिन एका अर्थानं ग्रीडमध्ये आहे. तिकडे कुणी राजस्थानात सोलर लावलं, साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्की फिरली, की माझे ग्रॅम कमी. 2025 मध्ये देशातली निम्मी स्थापित क्षमता, म्हणजे उभ्या असलेल्या केंद्रांची वीज बनवायची ताकद, कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांची झाली, पेपरात मोठी बातमी होती. पण प्रत्यक्ष बनणारी वीज अजून चारातली जवळपास तीन युनिट कोळशाचीच, कारण सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि आपण तेव्हाच घरी येऊन एसी लावतो. म्हणून गाडी रात्री चार्ज करणं आणि दुपारी करणं यात फरक पडतो. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या युनिटला बिलात सूटही मिळते. मी आता रविवारी दुपारी आणि बुधवारी वर्क फ्रॉम होम असतं तेव्हा चार्ज करते, मध्ये लागलंच तर रात्री, तेवढं पाप चालतं.

बॅटरीचं मात्र तुम्ही विचारलंत तर मी मान खाली घालते. ती बनवतानाच कार्बन लागतो, एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीला 60 ते 100 किलो असा अंदाज धरतात, माझी 3 युनिटची, म्हणजे गाडी शोरूममधून निघाली तेव्हाच 180 ते 300 किलोचं कर्ज डोक्यावर. मी जाऊन-येऊन रोज 24 किलोमीटर चालवते, वर्षाला साडेसात हजार, त्यात 180 किलो वाचतात. म्हणजे फिटायला एक ते पावणेदोन वर्षं. माझं फिटलं. पण गाडी घेऊन नुसती पार्किंगमध्ये झाकून ठेवणाऱ्याचं कधीच फिटणार नाही. आमच्या नात्यात एकांनी विजेची मोठी एसयूव्ही घेतली, घरात आधीच दोन गाड्या, आणि ही तिसरी "पर्यावरणासाठी". दीड-दोन टनांची गाडी एका माणसाला भाजी आणायला नेते, किलोमीटरला माझ्या स्कूटरच्या चार-पाच पट वीज खाते. मी लग्नात काही बोलले नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून! त्यापेक्षा विजेची सिटी बस भरून जात असेल तर ती आम्हा दोघांनाही मागे टाकेल. नागपूरच्याच वाडी भागाकडे जाणारी बस वेळेवर आली असती तर मी स्कूटर घेतलीच नसती.

रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे देशाच्या ऊर्जेतल्या कार्बनचा साधारण 12 टक्के हिस्सा, त्यामुळे सगळ्यांनी गाड्या बदलल्या की हवामान ठीक होईल असंही नाही. पण नोंदणी झालेल्या दर चार वाहनांतली जवळपास तीन दुचाकी आहेत आपल्याकडे, आणि बदलायला सगळ्यात सोपी तीच, छोटी बॅटरी, साधा प्लग.

साधा प्लग म्हणजे, मिळाला तर. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला सात महिने लागले, तोवर मी पहिल्या मजल्यावरून वायर सोडत होते आणि खालचे काका रोज म्हणायचे, "आग लागली तर?" पहिल्या मे महिन्यात 45 डिग्रीत गाडी उन्हात उभी केली तर स्क्रीनवर बॅटरी गरम झाल्याची लाल खूण आली आणि वेग आपोआप कमी, रिक्षावाले मागून हॉर्न मारतायत, मी घामाघूम. आता सावली बघून लावते आणि आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, अर्धा तास थांबते.

बॅटरी संपली की तिचं काय करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, मला माहितेय. तो परत कधीतरी. आज रविवार, पावणेपाच झालेत, पाचच्या आत खाली जाऊन प्लग काढायचाय.