मुरगाव ते मुंबई: नात्यातली मुले आणि क्रूझची कागदपत्रे

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून बहिणीची दोन मुले आणि पणजीहून धाकट्या भावाची मुलगी फोंड्याला आमच्याकडे राहायला आली होती. सुट्टी संपताना त्यांना मुरगाव बंदरातून मुंबईपर्यंत क्रूझने न्यायचे असे मी आणि पत्नीने ठरवले. तिकिटे काढताना कंपनीने दोन गोष्टी सांगितल्या. प्रवास देशांतर्गत असल्यामुळे पासपोर्ट लागणार नाही, सरकारी ओळखपत्र पुरेल; पण १८ वर्षांखालील मुलासोबत आई-वडिलांपैकी कोणीच नसेल, तर दोघांच्या सह्यांचे संमतिपत्र हवे. मामा-काकांनी मुलांना गावोगाव फिरवावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि एसटीत किंवा रेल्वेत त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. जहाजावर मात्र चढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाची यादीप्रमाणे तपासणी होते, आणि मुलाच्या जबाबदारीचा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जातो. तो विचारला जातो हे मला योग्यच वाटते.

ओळखपत्रांचे काम तुलनेने सोपे होते. पाच वर्षांखालील मुलांना मिळणाऱ्या निळ्या बाल आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागते. भाचीच्या कार्डावर तिचा कडेवरच्या वयातला, काजळ घातलेला फोटो होता, आणि समोर उभी मुलगी तिसरीतली. बहिणीने निघण्यापूर्वीच आधार केंद्रात जाऊन नवे ठसे आणि नवा फोटो देऊन घेतला. सोबत तिघांचे जन्मदाखलेही घेतले, कारण आई-वडिलांची नावे त्यावर असतात. दाखला हाती घेताना बाळाच्या नावाचा रकाना भरलेला आहे ना, हे जरूर पाहावे. जन्माची नोंद पुष्कळदा नाव ठरण्याआधी होते आणि नाव नंतर घालून घ्यायचे राहून जाते.

खरा वेळ गेला तो संमतिपत्रात. बहिणीने कोल्हापुरात नोटरीसमोर सही केली. मेहुणे दुबईत नोकरीला असल्यामुळे त्यांनी तोच मजकूर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवला. पत्रात मुलांची नावे व जन्मतारखा, आमची नावे आणि नाते, जहाजाचे नाव, चढण्या-उतरण्याची बंदरे, तारखा, आई-वडिलांचे फोन क्रमांक आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती असे सगळे होते. एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावले: तातडीच्या प्रसंगी मुलांवर उपचार करण्यास संमती देण्याचा अधिकार आम्हाला आहे. समुद्रात असताना फोन लागेलच असे नाही, आणि जहाजावरच्या डॉक्टरांसमोर निर्णय तेव्हाच द्यावा लागतो. भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधे त्याच पाकिटात ठेवली.

वास्कोहून बंदराच्या फाटकापाशी पोहोचलो, तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी तिकिटे आणि ओळखपत्रे पाहिली. आत टर्मिनलमधल्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी पुतणीचे कार्ड पाहिले आणि आडनाव माझेच असल्यामुळे ती माझी मुलगी आहे असे धरून कार्ड बाजूला ठेवले. भाच्यांच्या कार्डांवर मात्र त्या थांबल्या.

"ही दोघं तुमची कोण?"

"बहिणीची मुलं. आणि ही भावाची. तिघांचीही संमतिपत्रं आहेत."

त्यांनी पुतणीचे पत्रही मागून घेतले आणि तिन्ही पत्रे शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आडनाव एक असले म्हणजे नाते सिद्ध झाले असे होत नाही, आणि वेगळे असले तरी नाते कमी ठरत नाही. त्यामुळे भावाच्या मुलांसाठीही पत्र तितक्याच काळजीने करावे असे मी सांगेन. बहीण आणि मी एकाच घरातले, हे दाखवायला तिचा विवाहदाखला कामी आला. तिचे लग्न फोंड्यात झालेले. गोव्यात नागरी कायद्यामुळे विवाहनोंदणी सक्तीची आहे आणि दाखल्यावर माहेरचे नाव असते. आई-वडील विभक्त असतील तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश, आणि दोघांपैकी कोणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडावा.

जहाज निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना आणीबाणीत जमण्याची जागा दाखवली आणि मुलांच्या मनगटावर त्या जागेचा क्रमांक लिहिलेले पट्टे बांधले. मग मुले डेकवर धावली. मुरगावची टेकडी आणि खनिज वाहणाऱ्या बार्ज मागे सरकताना भाची कठड्याला गच्च धरून उभी होती, अगदी अंधार पडेपर्यंत.

आता मुलांना परदेशी बंदरांना जाणाऱ्या क्रूझचे वेध लागले आहेत, आणि तिथे कागदांची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि प्रवास संपल्यानंतरही त्याची किमान सहा महिने मुदत उरलेली असावी. मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे ही तारीख फार लवकर जवळ येते. वाटेतल्या प्रत्येक देशाच्या व्हिसाचा नियम आधी पाहावा लागतो. आमच्याकडे फोंडा-मडगावात काही घरांतल्या मुलांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्यांनी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड, सोबत ठेवलेच पाहिजे, नाहीतर भारतात परतताना अडचण येते. आमच्या भाच्यांच्या पासपोर्टचे अर्ज बहीण या महिन्यात भरणार आहे. अल्पवयीन मुलासाठी आई-वडिलांनी संयुक्तपणे द्यायचे 'अनुबंध डी' हे घोषणापत्र त्यासाठी लागते. मेहुणे पुढच्या आठवड्यात रजेवर येत आहेत, तेव्हा ते दोघांच्या सह्यांनिशी पूर्ण होईल.