क्वीन ॲन स्टूल, नोंद ३: पाय

चारपैकी तीन पाय झाले, चौथा घोट्यात, म्हणजे तळव्याच्या वरच्या बारीक भागात, तडकला. लाकूड अक्रोडाचं. ही शैली जिच्या नावाची, त्या इंग्लंडच्या ॲन राणीची कारकीर्द १७०२ ते १७१४, पण नागमोडी पायाची ही घडण तिच्यामागेही बरीच वर्षं चालली. महोगनीचा जोर १७२१ मध्ये ब्रिटिश वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठल्यानंतरचा.

ठोकळा ७०×७०×४३० मिमी. खाचा आधीच पाडल्या, कारण पायाला वळण आलं की मोजायला सरळ बाजूच उरत नाही. वरचा चौकोन ४४ मिमी, खाच १० रुंद, ३० खोल. एवढ्या खोलीला दोन्ही खाचा आत एकमेकींना भिडतात, म्हणून कुसवांची (आडव्या पट्ट्यांच्या खाचेत बसणाऱ्या जिभांची) टोकं ४५ अंशांत कापायची. खालचा गोल तळवाही चौकोनी ठोकळ्यावरच लेथवर काढला, व्यास ६५.

नमुना ३ मिमी प्लायचा. तो शेजारच्या दोन बाजूंवर असा आखायचा की दोन्ही गुडघे (पायाचा वरचा फुगीर भाग) बाहेरच्या एकाच धारेला भेटतील. बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) पहिली बाजू कापली की निघालेले तुकडे परत जागेवर चिकटपट्टीने बांधायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूची आखणी परत मिळते आणि ठोकळा टेबलावर डुगडुगत नाही. चिकटपट्टी करकचून ओढली तर करवतीची फट मिटते आणि आखणी सरकते. फटीत पुठ्ठ्याची पट्टी सारली की प्रश्न मिटतो.

आता तो तडकलेला पाय. घोटा जेमतेम ३० मिमी. वळणामुळे तिथे रेषे तुटतातच. त्यात या ठोकळ्याचे रेषे मुळातच तिरपे होते, म्हणजे घोट्यातून सलग जाणारा रेषा जवळपास नव्हताच. सरसाने जोडून चालवण्यात अर्थ नाही, माणूस बसणार आहे त्यावर. नवा ठोकळा घेताना चारही बाजूंनी रेषे सरळ आहेत ना, ते बघून घेतलं.

स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) गुडघ्यापासून खाली आणि तळव्यापासून वर, दोन्हीकडून घोट्याच्या खोलगटाकडेच चालवायचा. उलट गेलं की लाकूड उपटतं. आधी कोपरे ४५ अंशांत मारले, मग अष्टकोन, मग घोट्याला गोल. गुडघ्यावरची धार मात्र हलकीशी राखायची. पॉलिश पेपर लवकर हातात घेतला की पहिली तीच जाते, त्यामुळे स्क्रेपरवरच (खरवडायच्या पात्यावरच) भागवलं.

गुडघ्याशेजारी दोन्हीकडे चिकटवायचे लाकडी तुकडे, म्हणजे कान, अजून बाकी. त्यांचे रेषे पायासारखेच उभे ठेवायचे. आडवे लावले तर हवामान बदललं की सांधा उकलतो.