तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे

जालन्याहून बदनापूरकडे जाताना आमचे वडिलोपार्जित शेत लागते. त्यातला चार एकरांचा लांबट पट्टा या वर्षी जानेवारीअखेर पऱ्हाट्या उपटून मोकळा झाला आणि त्याची नांगरट मी मुद्दाम टाळली. गावात त्याच्या कारणांची बरीच चर्चा झाली. खरे कारण एवढेच होते की, मला गोल्फचा चेंडू ठरवून डावीकडे आणि ठरवून उजवीकडे वळवायला शिकायचे होते, आणि त्यासाठी रोज सकाळी एकाच जागेवरून एकाच झाडावर नेम धरता येईल अशी जागा हवी होती. पट्ट्याच्या पूर्व टोकाला एकटी बाभूळ आहे. मी जिथे उभा राहत असे तिथून ती साधारण एकशेतीस मीटरवर येते. उजव्या अंगाला शेजाऱ्यांची मोसंबीची बाग आहे आणि डाव्या अंगाला आमचाच बांध.

न ठरवता चेंडू वळवणे मला पंधरा वर्षांपासून येते. पुण्यात नोकरीला असताना हा खेळ शिकलो तेव्हापासून माझा फटका उजवीकडे वळत आलेला आहे. त्याला स्लाइस म्हणतात आणि बहुतेक हौशी खेळाडूंच्या वाट्याला तो येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हलकेच उजवीकडून डावीकडे वळला तर तो ड्रॉ आणि डावीकडून उजवीकडे वळला तर तो फेड. हीच वळणे हाताबाहेर गेली की त्यांना अनुक्रमे हुक आणि स्लाइस म्हणतात. म्हणजे माझ्याकडे फेडचा बिघडलेला भाऊ आधीपासून होता, त्याला फक्त शिस्त लावायची होती, असा माझा समज होता. तो समज कसा मोडला ते पुढे येईलच.

सुरुवात ड्रॉपासून केली. मला पूर्वी एका प्रशिक्षकांनी शिकवले होते की, चेंडू जिकडून सुटायला हवा तिकडे पाय आणि खांदे करावेत, क्लबचे, म्हणजे फटका मारायच्या दांड्याचे, तोंड (चेंडूला लागणारा सपाट भाग) मात्र लक्ष्याकडे ठेवावे. म्हणजे चेंडू पायांच्या दिशेने सुटेल आणि वळून लक्ष्यावर येईल. ही पद्धत अनेक वर्षे छापील पुस्तकांतही होती, त्यामुळे त्यांचा दोष नाही. त्याप्रमाणे मी मोसंबीच्या दिशेने पाय केले, सात नंबरच्या आयर्नचे (मधल्या पल्ल्याच्या लोखंडी क्लबचे) तोंड बाभळीकडे ठेवले आणि फटके मारले. चेंडू जवळजवळ थेट बाभळीकडेच सुटत आणि तिथून वळून डाव्या बांधाकडे जात. काळ्या मातीला तोपर्यंत भेगा पडू लागल्या होत्या. गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही असा नियम असला तरी आमच्या शेतातल्या भेगांना तो व्यास अजिबात अडचणीचा वाटत नाही. पहिल्या पंधरवड्यात दोन डझन चेंडूंपैकी निम्मे गेले.

आमच्याकडे सालाने असलेले एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना मी मामा म्हणतो. ते बांधावर तंबाखू मळत हे सगळे पाहत असत. एके दिवशी त्यांनी न राहवून विचारले, "दादा, तोंड झाडाकडं धरायलाव आन् हात मारायलाव मोसंबीकडं. खोऱ्याचं तोंड जिकडं, माती तिकडंच पडती. चेंडू तोंडाचंच ऐकणार की!"

मामांनी गोल्फचा क्लब कधी हातात धरलेला नाही, पण त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीची रडार यंत्रे मैदानांवर आली आणि जुन्या समजुतीतली चूक आकड्यांत दिसू लागली. चेंडू कुठे सुटणार हे मुख्यतः क्लबच्या तोंडावरून ठरते. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबच्या, बाबतीत सुमारे ८५ टक्के आणि आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के. उरलेला वाटा क्लबच्या चालीचा, म्हणजे तो आघाताच्या क्षणी ज्या दिशेने जात असतो त्या दिशेचा. चेंडू किती वळणार हे मात्र तोंड आणि चाल यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. तोंड चालीच्या मानाने डावीकडे असेल तर वळण डावे, उजवीकडे असेल तर उजवे. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात तो काळ अर्ध्या मिलिसेकंदाइतका असतो, तेव्हा ऐनवेळी मनगट फिरवून चेंडू वळवतो असे म्हणणाऱ्यांनी तो आकडा एकदा लिहून पाहावा.

वळणाचे मूळ फिरकीत आहे. फिरणाऱ्या चेंडूच्या एका बाजूने हवा त्याच्याबरोबर ओढली जाते, दुसऱ्या बाजूला तिला विरोध होतो, मागे सुटणारा हवेचा पट्टा एका अंगाला झुकतो आणि चेंडू उलट अंगाला ढकलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ मध्ये याचा अभ्यास केला म्हणून या परिणामाला त्यांचे नाव आहे. तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो हे न्यूटनने मात्र १६७२ मध्येच लिहून ठेवले होते. गोल्फच्या चेंडूवर खरी मेहनत घेतली ती एडिनबर्गचे प्राध्यापक टेट यांनी, १८९० च्या दशकात. फटक्यातून मिळणारी उलटी फिरकी चेंडूला हवेत धरून ठेवते हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट याने १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले, म्हणजे प्रयोगाला लागणारी माणसे घरातच होती.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे असल्यामुळे वळण म्हटले की आपल्याला शिवण आणि चकाकी आठवते. बीडला जन्मलेल्या संजय बांगर यांच्यासारख्या मध्यमगती गोलंदाजाच्या स्विंगमागे शिवणीमुळे दोन्ही बाजूंच्या हवेत पडणारा फरक असतो. गोल्फच्या चेंडूला शिवण नसते, सगळीकडे सारखे खळगे असतात. त्याचे नाते फिरकी गोलंदाजाच्या हवेत सरकणाऱ्या चेंडूशी अधिक आहे. शिवाय गोल्फमध्ये आडवी फिरकी वेगळी अशी नसतेच. चेंडू एकाच आसाभोवती फिरतो आणि तोंड-चालीच्या फरकाने तो आस विमानाच्या पंखांसारखा कलतो. म्हणूनच वेजसारखा उतरत्या तोंडाचा क्लब भरपूर उलटी फिरकी देतो आणि त्याने मारलेला चेंडू फारसा वळत नाही, तर ड्रायव्हरमध्ये दोनच अंशांचा फरक चेंडूला शेजाऱ्याच्या बागेत पोचवतो.

हे समजल्यावर मी सराव नव्याने मांडला. दोन सरळ तुराट्या निवडून घेतल्या. एक बाभळीच्या रोखाने जमिनीवर ठेवली आणि दुसरी तिच्या किंचित उजवीकडे रोखून पायांपाशी ठेवली. टणक जमिनीवर मनगटे दुखावू नयेत म्हणून मी नकली हिरवळीच्या तुकड्यावरून खेळत असे. त्यावर चेंडूच्या पुढे कबड्डीचे मैदान आखायची फक्की चिमूटभर पसरायची. क्लब गेला की फक्की पुसली जाऊन एक तिरका फराटा उमटतो आणि आपली चाल कोणत्या दिशेने गेली हे तो फराटा न बोलता सांगतो. पहिल्या दिवशीचे सगळे फराटे डावीकडे झुकलेले होते. पंधरा वर्षांच्या स्लाइसचे ते हस्ताक्षर होते.

ड्रॉचा हिशेब मी असा धरला: चाल लक्ष्याच्या उजवीकडे चार अंश, तोंड लक्ष्याच्या उजवीकडे दोन अंश. म्हणजे तोंड चालीच्या मानाने दोन अंश डावीकडे, आणि चेंडू सुमारे अडीच अंश उजवीकडे सुटणार. एकशेतीस मीटरवर अडीच अंश म्हणजे साडेपाच-पावणेसहा मीटर होतात. तेवढे अंतर बाभळीच्या उजवीकडे मोजून मी एक मेख ठोकली आणि तिला चिंधी बांधली. नेम मेखेवर धरायचा आणि चेंडू बाभळीवर यायचा.

कागदावर सोपे असलेले हे काम हाताला जमायला पाच आठवडे लागले, कारण त्यात एक विचित्र धाडस आहे. ज्या बाजूला चेंडू जायची भीती आयुष्यभर बाळगली त्याच बाजूला तोंड करून फटका मारायचा. क्लब खाली येताना शरीर घाबरून ऐनवेळी तोंड मिटवते, म्हणजे डावीकडे फिरवते, चेंडू बाभळीकडे सुटतो आणि बांधावर जातो. पकड किंचित उजवीकडे फिरवून आणि चेंडू नेहमीपेक्षा एका चेंडूच्या रुंदीने मागे ठेवून पाहिल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी तो मेखेकडे सुटला, क्षणभर तसाच राहिला आणि उतरताना डावीकडे ओढला गेला. बाभळीच्या दोन पावले पुढे पडून तो वीसेक पावले घरंगळला. ड्रॉमध्ये तोंड मिटल्यामुळे उतार कमी होतो आणि चेंडू खालून जातो, त्यामुळे तो असा पळतो.

त्याच आठवड्यात ड्रायव्हरने सुरेख ड्रॉ निघू लागले म्हणून मी खूश होतो. मग तोंडावर टाल्कम पावडर लावून ठसे पाहिले, तेव्हा ते सगळे टोकाकडे लागलेले निघाले. ड्रायव्हरमध्ये वजनाचा मध्य तोंडाच्या बराच मागे असल्याने टोकाकडचा आघात चेंडूला डावी फिरकी देतो आणि टाचेकडचा उजवी. ते ड्रॉ माझ्या कौशल्याचे नव्हते, चुकलेल्या आघाताचे होते. पावडरचा डबा तेव्हापासून पिशवीत असतो.

फेडने मला अधिक छळले. माझा स्लाइस उजवीकडेच सुटून आणखी उजवीकडे जाई. फेडला मात्र चेंडू लक्ष्याच्या डावीकडे सुटावा लागतो, म्हणजे तोंडही डावीकडेच हवे, फक्त चालीपेक्षा कमी. डावीकडे तोंड केले की मला हुकची आठवण येई, हात घट्ट होत, आणि तोंड व चाल एकाच दिशेला येऊन चेंडू न वळता सरळ बांधावर जाई. मामांनी एकदा विचारलेसुद्धा, "आता वळायचं सोडून दिलं का त्यानं?" शेवटी पकड सैल केली, चेंडू थोडा पुढे घेतला आणि फटक्यानंतर क्लब मुद्दाम न मिटवता शरीर पूर्ण फिरवले, तेव्हा थोडेफार जमू लागले. फेड उंच जातो, कमी पल्ला देतो आणि पडल्या जागी थांबतो, म्हणून त्यासाठी मी सातऐवजी सहा नंबर घेतो. मेच्या मध्यापर्यंत वीस चेंडूंत बारा ड्रॉ मनासारखे निघत, फेड सात-आठ.

हा खटाटोप कशासाठी, असे घरी विचारले जाते. २०१२ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत बबा वॉटसन हा खेळाडू झाडीत अडकला असताना त्याने वेजने चेंडू प्रचंड वळवून छिद्राभोवतीच्या हिरवळीवर आणला आणि बरोबरी सोडवणारा प्लेऑफ जिंकला. मला तसे काही करायचे नाही. वेज वळत नाही हे मी वर लिहिलेच आहे, त्यावरून त्या फटक्याची अवघड बाजू कळावी. मला एवढेच हवे आहे की, मे महिन्यात दुपारचे पश्चिमेचे वारे सुटले आणि त्याच्या तोंडावर खेळायची वेळ आली, तर चेंडू कुठे वळेल ते मारण्याआधी मला माहीत असावे. समोरचा वारा प्रत्येक वळण वाढवतो. बाभळीकडे पाठ करून मी ते आठ दिवस करून पाहिले आणि मेख साडेपाच मीटरवरून आठ मीटरवर हलवली.

मृग जवळ आला तशी पट्ट्यावर कुळवाची पाळी घालावी लागली. मामांनी संध्याकाळी टोपीतून मातीने माखलेले चेंडू आणून ओसरीवर ओतले. एकूण सतरा होते. त्यांनी ते सापडले त्या जागांप्रमाणे दोन ढीग केले. डाव्या बांधाकडचे तेरा, बाभळीच्या बुडाशी चार. मोसंबीच्या बागेतले शेजाऱ्यांकडे आहेत, ते त्यांनी तोडणीच्या वेळी द्यायचे कबूल केले आहे.