गिरणीतली पेटी

माझ्या आजीला सही करता यायची. फक्त सही. १९५९ ला आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा ती नवी सून होती. रात्री भाकऱ्या उरकल्या की बायका देवळात कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसायच्या, आणि गावातली सगळी मोठी माणसं लिहायला-वाचायला शिकली की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, तसा आमच्या गावाचापण झालेला. पण मी चौथीत असताना कौतुकाने तिच्या हातात पेपर दिला तर तिने तो बराच वेळ धरला आणि परत दिला. "इसारले बाय," एवढंच म्हणाली. सही राहिली कारण सही लागत होती. बाकीची अक्षरं कुठे वापरणार, घरात वाचायला होतं काय आणि वाचून दाखवायचं कुणाला?

हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून गावात परत राहायला आल्यावर पहिलं काम काय केलं तर पुस्तकं गोळा केली, ओळखीच्यांकडून, मैत्रिणींकडून, आणि ती एका सरकारी खोलीतल्या कपाटात ठेवायची परवानगी मिळवली. सहा महिन्यांत त्या कपाटाचं कुलूप किती वेळा उघडलं असेल ते मी बोटांवर मोजू शकते. चावी ज्यांच्याकडे ते कायम मीटिंगला, आणि पुस्तकं हरवली तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न. खूप वाईट वाटायचं, पोरं खिडकीतून कपाटाकडे बघायची.

मग नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'बद्दल नीट माहिती काढली. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या मदतीने सुरू केलेला उपक्रम, शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचकांच्या गटाकडे द्यायची, ते आपापसात वाचतात, मग पेटी बदलायची. पार दुबईपर्यंत गेल्या त्यांच्या पेट्या. मला त्यातलं एकच पटलं आणि तेवढंच घेतलं, की पुस्तक माणसाजवळ गेलं पाहिजे आणि पेटी सांभाळणारा माणूस त्याच गल्लीतला पाहिजे.

आमच्याकडे माणसं रोज कुठे थांबतात? पिठाच्या गिरणीत. दळण टाकलं की डबा रांगेत आणि बाई कट्ट्यावर, अर्धा तास तरी कुठे जात नाही. लाईट गेली तर अजून जास्त. गिरणीवाल्या तात्यांना विचारलं, ते म्हणाले ठेव की, माझं काय जातंय. पत्र्याची जुनी ट्रंक, उंदरांमुळे पत्र्याचीच हवी, आणि कोणी काय नेलं ते तात्या त्यांच्या उधारीच्या वहीतच लिहायला लागले. एका ओळीत "ज्वारी ५ किलो, बाकी" आणि खालच्या ओळीत "गोष्टीचे पुस्तक १, पोरगी घेऊन गेली". ही वही मला फार जवळची वाटते. तात्या तगादा लावतात तसा पुस्तकाचापण लावतात, त्यामुळे पुस्तकं परत येतात, पानांच्या कडेला पिठाची बोटं उमटलेली असतात पण येतात.

सुरवातीला बायका नुसती चित्रं बघायच्या. मग एक पाचवीतली मुलगी आईच्या दळणाबरोबर यायला लागली. ती वाचायची पण जोडाक्षर आलं की थांबायची, "रस्ता" आला की "र… स… ता" आणि मग वर बघायची. शाळेत वर बघितलं की बहुतेक ओरडा बसत असावा कारण ती लगेच मान खाली घालायची. शेजारी बसलेल्या एका काकूंनी, ज्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली, फक्त "रस्ता गं" म्हणलं आणि पुढे वाच म्हणून हात हलवला. एवढंच. दोन महिन्यांनी ती पोरगी काकूंच्या डब्याची वाट बघत थांबायची.

'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे लोक २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करतात ती मुलांच्या घरी जाऊन, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, यातलं काय वाचता येतं ते बघतात. मला त्यातली घरी जाण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. आपलं पोर कुठे अडतंय ते आईच्या डोळ्यासमोर दिसतं. शाळेच्या निकालपत्रावर ते कळतच नाही. आम्हीपण आता महिन्यातून एकदा तसंच करतो, शाळापूर्व तयारीसाठी आयांचा जो माता गट झाला होता त्यातल्या चौघीजणी वाडीवस्तीवर जातात, अंगणवाडीच्या ताई बरोबर असतात, आणि पोराला गोष्ट वाचायला देतात. मार्क नाहीत, नाव लिहून घेणं नाही. जिथे अडतं तिथलं पुस्तक पुढच्या दळणाला ट्रंकेत वरती ठेवायचं.

गेल्या वर्षी सगळ्या बायकांना घेऊन भिलारला गेलो, पाचगणीजवळ, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांच्या घरात, ओसरीवर, लॉजवर कपाटं, कुठेही शिरा आणि बसून वाचा. आमच्या काकू एका घरात गेल्या तर घरच्या बाईने आधी पाणी दिलं, मग पुस्तकं दाखवली. परत येताना गाडीत सगळ्या तेच बोलत होत्या, त्या बाईबद्दल, पुस्तकांबद्दल कमी. मला तेव्हा माझ्या आजीची देवळातली पाटी आठवली. मोहीम संपली, शिकवणारे गेले, समारंभ झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर बसून वाचणारं कोणी उरलं नाही. ती हुशार होती, तिला चाळीस ओव्या पाठ होत्या. तिच्या गल्लीत एक ट्रंक असती तर.

आता दुसरी पेटी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवायचं चाललंय, तिथे तरुण पोरं असतात आणि ती गिरणीत येत नाहीत. टपरीवाल्या दादांची एकच अट आहे, ट्रंकेला झाकण नीट बसलं पाहिजे, पावसाचं. कुणाकडे अशी ट्रंक असेल तर सांगा. आणि पुस्तकं देणार असाल तर मोठ्या टायपातली द्या, म्हाताऱ्या बायका मागतात. जुनी गाईडं नकोत, ती कोणी नेत नाही.