समृद्धीवर डोळा का लागतो

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की शिर्डीपर्यंत 520 किलोमीटर ना सिग्नल, ना चौक. स्टिअरिंग जेमतेम हलवावं लागतं. मेंदूला काम उरलं नाही की तो सुस्तावतो. डोळे उघडे असतात, पण समोरचं दिसलेलं पोचत नाही. त्यातून डुलकी लागते. 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. चार सेकंदांची पेंग म्हणजे साधारण 133 मीटर, अकरा एसटी बस एकामागे एक लावाव्या एवढं अंतर, आणि तेवढा वेळ चाकामागे कोणीच नाही.

झोप धोक्याची असते पहाटे 2 ते 6 आणि दुपारी जेवणानंतर. रात्री सावजीवर ताव मारून 11 ला निघायचं, सकाळी काकडआरती गाठायची, हा बेत मला मुळातच चुकीचा वाटतो. दिवसभर काम करून निघालेला माणूस पहाटे तीनला वीसेक तास जागा असतो. सतरा तास जागरणानंतरच प्रतिक्रिया दारू प्यायल्यासारखी मंदावते.

काच उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा असर काही मिनिटंच टिकतो. खरा उपाय असा: दर दोन तासांनी थांबा ठरवूनच निघा. पेंग यायला लागली तर पेट्रोल पंपावर गाडी लावा, कडक कॉफी प्या आणि लगेच 15-20 मिनिटं झोपा. कॉफीचा असर सुरू व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या वर झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं. कडेच्या पट्टीवर मात्र गाडी लावून झोपू नका. मागून येणाऱ्याला रात्री उभी गाडी चालतीच वाटते, आणि ती उभी आहे हे कळेपर्यंत ब्रेकला जागा उरत नाही.

शेजारी बसणाऱ्यानं जागं राहायचं. मधूनमधून विचारायचं, "भाऊ, आत्ता कोणता बोर्ड गेला?" उत्तर अडखळलं, वेग आपोआप कमी-जास्त व्हायला लागला, गाडी पट्ट्याकडे सरकली, की "आता थोडंच राहिलं" हे ऐकून न घेता पुढच्या पंपावर उतरवायचं. घरच्यांना हे सांगायला संकोच वाटतो, पण तो निघण्याआधीच बोलून मिटवावा.

महामार्ग सोडताना आणखी एक फसगत होते. तासभर 120 पाहिलेल्या डोळ्यांना 70 म्हणजे रांगल्यासारखं वाटतं, आणि त्याच वेगात गाडी उतरणीच्या वळणावर शिरते. तिथं अंदाजावर जाऊ नका, वेगाच्या काट्याकडे बघा.