सिसोकोचा शॉट आणि व्हॅन डाइकच्या नावासमोरचा भोपळा

३१ मार्च २०१९, लिव्हरपूलचं मैदान ॲनफील्ड. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम १-१, शेवटची काही मिनिटं. लिव्हरपूल गोलसाठी पुढे चढलेलं, मागे मैदान मोकळं, आणि त्यात टॉटनहॅमचा काउंटर. बॉल मूसा सिसोकोकडे, जोडीला सोन ह्युंग-मिन, आणि अडवायला लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक, एकटा. व्हॅन डाइक अंगावर जात नाही. मागे मागे सरकत राहतो, सोनकडे जाणारा पास होणार नाही अशा बेताने मध्ये उभा राहतो. म्हणजे सिसोकोला सांगतोच की बाबा, मारायचा तर तूच मार, आणि तोही डाव्या पायाने. सिसोको उजव्या पायाचा. त्याने मारला, बॉल गोलवरून गेला. थोड्या वेळाने, ९०व्या मिनिटाला, लिव्हरपूलच्या सालाहचा हेडर टॉटनहॅमचा गोलकीपर लॉरिसच्या हातून सुटला, त्यांच्याच आल्डरविरेल्डला लागून आत गेला. २-१.

आता हा प्रसंग टॅग करायचा, म्हणजे डेटात नोंदवायचा म्हटलं तर काय होतं?

मी पुण्यात काही काळ हेच काम केलं. परदेशी लीगच्या मॅचेस बघायच्या आणि बॉलला पाय लागला की कीबोर्डवर बटण दाबायचं. कुणी, कुठून, कुठे, कोणत्या पायाने. एका मॅचमध्ये अशा दीड-दोन हजार नोंदी होतात. कोल्हापुरात पेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या मुलीला फुटबॉल बघायचे पैसे मिळतात यावर घरच्यांचा बराच काळ विश्वास बसला नव्हता, ते असो. तर वरच्या प्रसंगात सिसोकोच्या नावावर नोंद: शॉट, डावा पाय, बाहेर. व्हॅन डाइकच्या नावावर? टॅकल नाही, कारण त्याने पाय घातला नाही. इंटरसेप्शन नाही, कारण पास झालाच नाही. बॉल त्याला लागला नाही म्हणून ब्लॉक नाही, त्याने बाहेर मारला नाही म्हणून क्लिअरन्सही नाही. त्या मॅचमधला बचावाचा सगळ्यात भारी तुकडा, आणि त्यात बचाव करणाऱ्यासमोर भोपळा.

मॅचनंतर ॲपवर प्रत्येक खेळाडूला दहापैकी जे रेटिंग दिसतं, ते याच नोंदींवर उभं असतं. हूस्कोअर्ड प्रत्येकाला ६.० देऊन सुरुवात करतं, सोफास्कोअर ६.५ देऊन. मग प्रत्येक नोंदीला ठरलेलं वजन: चांगली असेल तर थोडं वर, वाईट असेल तर थोडं खाली. लबाडी काही नाही, गणितही चुकत नाही. पण नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात बॉल असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तो कुठे उभा होता, कुणाला झाकत होता, कुणासाठी जागा मोकळी करत होता, हे या नोंदींत येत नाही. ते पकडायला मैदानावरच्या सगळ्यांची जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपणारा ट्रॅकिंग डेटा लागतो. मोठ्या क्लबांकडे तो असतो. आपल्या मोबाइलवरचं रेटिंग मात्र बहुतांशी बॉलचाच हिशेब मांडतं.

माझा आतेभाऊ प्रत्येक मॅचनंतर ग्रुपवर रेटिंगचा स्क्रीनशॉट टाकतो आणि खाली लिहितो, ‘ताई, तुझा डाइक निस्ता हुबा ऱ्हातोय.’ अरे, उभा राहतो तेच तर त्याचं काम आहे! गंमत म्हणजे त्याच व्हॅन डाइकचा एक आकडा जगभर गाजला होता: प्रीमियर लीगच्या ५० सामन्यांत त्याला कुणीच ड्रिबल करून पार केलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आर्सेनलच्या पेपेने केलं, तर त्याची बातमी झाली. आकडा खराच. पण जो अंगावर जातच नाही, त्याला चकवायचा कसा? त्याचं संयमाने उभं राहणं एका रकान्यात भोपळा होतं आणि दुसऱ्या रकान्यात विक्रम.

नोंदींच्या आतही माणूस बसलेला असतो, हे फार जणांना माहीत नसतं. ‘बिग चान्स’ घ्या. जिथे खेळाडूने गोल करायलाच हवा होता अशी संधी, ही त्याची व्याख्या. करायलाच हवा होता हे कोण ठरवतं? बटण दाबणारा. रात्रपाळीत आमच्यात यावरून बाचाबाची व्हायची, कारण एकाला जो बिग चान्स वाटायचा तो दुसऱ्याला साधा शॉट वाटायचा. आणि बिग चान्स हुकवल्याची नोंद रेटिंग चांगलंच खाली ओढते.

असिस्टचं तर त्याहून विचित्र. पास देणारा तोच, पासही तसाच. समोरच्याने गोल केला तर असिस्ट, नाही केला तर नुसता ‘की पास’. आर्सेनलच्या मेसुत ओझिलचा २०१५-१६ चा सीझन आठवा. डिसेंबर संपेपर्यंत १६ असिस्ट, हेन्रीचा एका सीझनमधला २० चा विक्रम मोडणार म्हणून सगळे हिशेब मांडून बसलेले. पुढच्या साडेचार महिन्यांत आणखी फक्त तीन. ओझिल पास द्यायला विसरला का? आर्सेनलचा फॉरवर्ड जिरूला लीगमध्ये जानेवारीच्या मध्यापासून मेपर्यंत गोल सापडत नव्हता, हे त्यातलं मोठं कारण. दुसऱ्याच्या पायाचा दोष याच्या खात्यात लागला.

बचावपटूंच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते. ऑगस्ट २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसननी आपला डिफेंडर याप स्टाम इटलीच्या लाझिओला विकला. त्याचे टॅकल कमी झाल्याचं आकडेवारीत दिसलं म्हणून विकलं, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. खुद्द फर्ग्युसननी कारणं वेगळी दिली: दुखापतीनंतर तो पूर्वीसारखा वाटत नव्हता, आणि लाझिओ साडेसोळा दशलक्ष पौंड देत होतं. कारण काहीही असो, त्याच्या जागी ३५ वर्षांचा लॉरां ब्लां आला, युनायटेड तिसऱ्या नंबरवर गेलं, आणि तो निर्णय चुकला हे फर्ग्युसननी नंतर मान्य केलं. टॅकल कमी होणं हे चांगल्या डिफेंडरचंही लक्षण असू शकतं, कारण जो आधीच योग्य जागी पोचतो त्याला घसरायची वेळ येत नाही.

उलट बाजूला एन्गोलो कांते. लेस्टर चॅम्पियन झालं त्या २०१५-१६ च्या सीझनमध्ये टॅकलमध्ये तो लीगमध्ये पहिला. तेव्हा मी म्हणत होते, थांबा, लेस्टरकडे बॉल असतोच कुठे? ज्या टीमकडे निम्म्याहून कमी वेळ बॉल असतो, तिच्या मिडफिल्डरला टॅकलच्या संधी जास्त मिळणारच. शंका रास्त होती, पण कांते चेल्सीत गेला आणि पुढच्याच वर्षी तिथेही चॅम्पियन. म्हणजे टीमच्या पद्धतीने आकडा फुगलेला असू शकतो आणि खेळाडू तरीही अस्सल असू शकतो. तो रकाना एकटा वाचून यातलं काहीच कळत नाही.

मग हे सगळं थोतांड का? अजिबात नाही. पण क्लब जे करतात आणि ॲप जे करतं, त्यात फरक आहे. लिव्हरपूलमध्ये २०१२ पासून इयन ग्रॅहम होते, केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी केलेले. त्यांचं मॉडेल नोंदींना मार्क देत बसत नव्हतं. या पासमुळे, या ड्रिबलमुळे गोल व्हायची शक्यता किती वाढली, हे ते विचारायचं. क्लॉप मॅनेजर म्हणून आल्यावर ग्रॅहम त्याच्याकडे त्याच्या आधीच्या टीमचे, डॉर्टमुंडचे, २०१४-१५ च्या सीझनचे आकडे घेऊन गेले. डॉर्टमुंड सातवं आलं होतं. माइन्झविरुद्धची मॅच काढून ते म्हणाले की खेळ तुमचा होता, तरी हरलात. क्लॉप खूश होऊन म्हणाला, म्हणजे ती मॅच तुम्ही बघितली होती! ग्रॅहमनी बघितली नव्हती. हा किस्सा मला फार आवडतो, कारण कुठेतरी कुणीतरी खुर्चीत बसून ती पूर्ण बघितली होती आणि एकेक बटण दाबलं होतं.

२०१७ मध्ये ग्रॅहमच्याच लोकांनी सालाहला घ्यायचा आग्रह धरला. क्लॉपच्या मनात जर्मनीचा यूलियान ब्रांट होता, आणि सालाहवर चेल्सीत फुकट गेल्याचा शिक्का. पहिल्या सीझनमध्ये ३२ लीग गोल. त्याच उन्हाळ्यात त्यांनी जर्मन क्लब लाइपझिगचा मिडफिल्डर नाबी केइताचाही सौदा ठरवला, पन्नास दशलक्षांहून जास्त पौंडांचा. आला तो २०१८ मध्ये. केइताची पासची टक्केवारी बेताची होती. साध्या रेटिंगने त्याचे मार्क कापले असते. मॉडेलने ओळखलं की तो अवघड पास देतो, आणि जमला की समोरची अख्खी फळी कापली जाते. ही नजर मला आजही बरोबर वाटते. पण लिव्हरपूलचा जुना कॅप्टन जेरार्डचा ८ नंबर अंगावर घेऊन आलेला केइता दुखापतींतून धड बाहेरच आला नाही आणि २०२३ मध्ये फुकटात ब्रेमेनला गेला. खेळायचा तेव्हा वाईट खेळायचा असं मला कधी वाटलं नाही. मांडीचा स्नायू कधी दगा देईल याचं बटण कुणाच्या कीबोर्डवर नसतं.

त्यामुळे माझा हिशेब साधा आहे. फॉरवर्ड किंवा बॉल पुढे नेणारा मिडफिल्डर असेल, दोन सीझनचा डेटा असेल, आणि टीम कशी खेळते हे माहीत असेल, तर आकड्यांचं मी बरंच ऐकते, स्वतःच्या डोळ्यांपेक्षाही जास्त. एका मॅचचं रेटिंग गप्पांपुरतं. सेंटर-बॅकचं, म्हणजे व्हॅन डाइकसारख्या मधल्या डिफेंडरचं रेटिंग तर मी उघडतही नाही. एखादा डिफेंडर खरंच जोखायचा असेल तर त्याच्या टीमने खाल्लेले गोल बघायला घेते, आणि गोलच्या आधीचे दहा सेकंद फक्त त्याच्याकडे बघते.

२०२५-२६ पासून प्रीमियर लीगच्या फॅन्टसीत, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम निवडून त्यांच्या कामगिरीवर पॉइंट मिळवायच्या खेळात, नवा नियम आला: क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल मिळून दहा झाले की डिफेंडरला दोन पॉइंट जास्त. आतेभावाचा लगेच फोन, ‘ताई, कुठला सेंटर-बॅक घेऊ? व्हॅन डाइक?’

‘फॅन्टसीसाठी ना? मग ज्याची टीम नव्वद मिनिटं मार खाते त्याचा घे.’