जुना प्रिंटर आणि कागदाचा आकार
परभणीतील आमच्या कार्यालयातला जुना लेझर प्रिंटर गेले काही महिने प्रत्येक छपाईला ‘लोड लेटर’ असा संदेश दाखवून थांबत असे आणि बटण दाबल्याखेरीज कागद ओढत नसे. ट्रेमध्ये ए-४ कागद असताना यंत्र अमेरिकेत रूढ असलेला लेटर आकार मागत होते. ए-४ हा २१० × २९७ मिलिमीटरचा, तर लेटर साधारण २१६ × २७९ मिलिमीटरचा असतो. मी ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये आकार बदलला, परंतु तो बदल केवळ माझ्या लॉगिनपुरता राहिला. सर्वांसाठीची मूळ सेटिंग विंडोजमध्ये ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागातील ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’मध्ये असते, हे मला कळेपर्यंत शेजारच्या टेबलांवरील सहकाऱ्यांची कामे अडतच राहिली, याचे मनापासून वाईट वाटते. तेथे, तसेच प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरील ट्रेच्या मेनूत, अशा दोन्ही ठिकाणी ए-४ निवडल्यावर अडथळा थांबला. वर्डमधील जुन्या पत्रांच्या नमुन्यांत मात्र लेटर आकार त्या फाइलमध्येच साठवलेला होता; ते नमुने एकेक उघडून दुरुस्त करावे लागले.